आधी कोपर, मग मोटार
वाचकांचे प्रश्न : घरी यांत्रिक हात करताना

उन्हाळी सुट्टीत मुलांसोबत घरी यांत्रिक हात तयार करण्याविषयी सोलापूर शहरातून आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना या वेळी उत्तरे देत आहोत. काही प्रश्न एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे पहिले उत्तर लांबले आहे; पुढच्या उत्तरांत त्याचा आधार घेतला आहे.

प्रश्न : माझी मुलगी सहावीत आणि मुलगा दुसरीत आहे. आम्ही तिघांनी खोक्याचा पुठ्ठा आणि नळीने जोडलेल्या, पाणी भरलेल्या सिरिंज वापरून यांत्रिक हात केला. रिकामा असताना तो छान वर-खाली होतो. परंतु शेंगा चटणीची १०० ग्रॅमची पुडी उचलायला लावली की दांडा वाकतो, हात कोपरातून एका बाजूला कलतो आणि सिरिंज मध्येच अडकते. तयार किट आणावे, असे शेजारी सुचवतात. आणावे का? — एक पालक, जुळे सोलापूर

उत्तर : किट तूर्त आणू नये. आपल्या पत्रात तीन निरनिराळ्या तक्रारी आहेत, तिन्हींची कारणे वेगळी आहेत आणि ती मुलांना स्वतः शोधता येण्याजोगी आहेत. किटमध्ये ही कारणे कारखान्यातच दूर केलेली असतात, त्यामुळे मुलांच्या वाट्याला फक्त स्क्रू पिळणे उरते.

दांडा वाकतो त्याचे कारण बहुधा पुठ्ठा कापण्याच्या दिशेत सापडेल. खोक्याच्या पुठ्ठ्याची कड निरखून पाहिली, तर दोन सपाट कागदांच्या मध्ये नागमोडी कागद दिसतो आणि त्यामुळे आत बारीक नळ्यांची रांग तयार झालेली असते. या नळ्या दांड्याच्या लांबीच्या दिशेने गेल्या पाहिजेत. त्या आडव्या आल्या तर दांडा प्रत्येक नळीपाशी मुडपायला तयारच असतो. आपल्या शहरात चादरी आणि टॉवेल ज्या मोठ्या खोक्यांत भरून बाहेर पाठवतात, त्यांचा पाच पदरी पुठ्ठा मिळाला तर उत्तम. नसेल तर साध्या पुठ्ठ्याचे दोन तुकडे फेव्हिकॉलने चिकटवून रात्रभर जड पुस्तकांच्या थप्पीखाली ठेवावेत. ओला पुठ्ठा दाबाविना सुकू दिला तर तो पापडासारखा वळतो आणि मग कितीही नेटका कापला तरी हात सरळ चालत नाही.

हात कलतो तो सांध्यातल्या ढिलाईमुळे. पुठ्ठ्याला पाडलेल्या भोकातून सळई थेट घातली, की दहा-वीस वेळा हलवल्यानंतर भोक गोल राहत नाही, लांबट होते. भिंग घेऊन मुलांना ते भोक अवश्य दाखवावे. कडेचा कागद चुरगळून एका बाजूला सरकलेला स्पष्ट दिसतो आणि भार कोणत्या दिशेने येत होता हेही त्यावरून ओळखता येते. उपाय असा की, भोकात आधी बॉलपेनच्या रिकाम्या, स्वच्छ केलेल्या रिफिलचा तुकडा बुश, म्हणजे आसाभोवतीची नळी, म्हणून चिकटवावा आणि त्यातून अगदी बेताने बसणारी तार किंवा बांबूची काडी आस म्हणून घालावी. (प्लॅस्टिकच्या स्ट्रॉवर १ जुलै २०२२ पासून बंदी असल्यामुळे जुन्या कृतींमध्ये सांगितलेली स्ट्रॉ शोधत बसू नये, रिफिल तिच्याहून ताठ असते.) शिवाय हाताच्या दांड्याला दोन्ही बाजूंनी पाती असावीत आणि त्यांत किमान ३ सेंटिमीटरचे अंतर असावे. या अंतरात १ मिलिमीटरची ढिलाई राहिली, तरी कोपरापासून २४ सेंटिमीटरवर असलेला पंजा ८ मिलिमीटर कलतो. अंतर १ सेंटिमीटरच असेल, तर तोच पंजा २४ मिलिमीटर, म्हणजे जवळपास पुडीच्या अर्ध्या रुंदीएवढा, कलेल.

सिरिंज अडकते याचे कारण पत्रासोबतच्या चित्रात दिसते आहे. आपण सिरिंजचे नळकांडे खालच्या दांड्याला गरम गोंदाने पक्के चिकटवले आहे. हात वर जाताना दट्ट्याचे टोक वर्तुळाकार मार्गाने जाते, म्हणून दट्ट्याची दिशा सतत बदलत असते. नळकांड्याला त्याच्याबरोबर डोलता आले नाही, तर दट्ट्या आत तिरका होऊन रुततो. नळकांडे आणि दट्ट्या दोघांनाही आपापल्या सळईवर फिरता यायला हवे. रस्त्यावर खोदकाम चालू असेल तेव्हा मुलांना जेसीबीचा हात थोडा वेळ पाहू द्यावा. त्याच्या प्रत्येक सिलिंडरला दोन्ही टोकांना जाड पिन असते आणि हात हलला की सिलिंडरही कलतो, हे एकदा नजरेने टिपले की पुन्हा सांगावे लागत नाही.

आता पुडीकडे येऊ. आपण दिलेल्या मापांनुसार कोपरापासून पंजापर्यंत २४ सेंटिमीटर आहेत आणि सिरिंजचा दट्ट्या कोपरापासून ३ सेंटिमीटरवर जोडला आहे. १०० ग्रॅमची पुडी २४ सेंटिमीटरवर धरायची, तर ३ सेंटिमीटरवर त्याच्या आठपट, म्हणजे ८०० ग्रॅमचा जोर लागतो. हाताचे स्वतःचे वजनही यात धरले पाहिजे. पंजासह दांडा समजा १५० ग्रॅमचा आहे आणि बोटावर तोलून पाहिल्यास तो कोपरापासून १४ सेंटिमीटरवर तोलला जातो. त्याच्यासाठी आणखी ७०० ग्रॅम लागतात. शंभर ग्रॅमच्या पुडीसाठी दट्ट्याला दीड किलोचा जोर लावावा लागतो आणि त्यातला जवळपास निम्मा हात स्वतःलाच उचलण्यात जातो. हा केवळ पुठ्ठ्याच्या हाताचा दोष आहे असे समजू नये. नोव्हेंबर १९८१ मध्ये कोलंबिया या अवकाशयानातून प्रथम गेलेला कॅनडाचा कॅनडार्म हा यांत्रिक हात सुमारे १५ मीटर लांब आणि ४०० किलोंहून अधिक वजनाचा होता. अवकाशात तो मोठमोठे उपग्रह हाताळत असे, परंतु पृथ्वीवर त्याला स्वतःचे वजनही उचलता येत नव्हते.

दट्ट्याची जोडणी ३ ऐवजी ६ सेंटिमीटरवर नेली, तर लागणारा जोर निम्मा, पाऊण किलो, होईल. मात्र त्याची किंमत मोजावी लागते : दट्ट्या ४ सेंटिमीटर सरकत असेल, तर आधी हात सुमारे ८० अंशांतून फिरत होता, तो आता सुमारे ४० अंशांतूनच फिरेल. मुलांनी पुठ्ठ्याला ३, ४, ५ आणि ६ सेंटिमीटरवर चार भोके पाडून ठेवावीत आणि आपल्या कामाला कोणते योग्य ते ठरवावे; पुडी चौरंगावरून ताटात ठेवायची आहे की जमिनीवरून टेबलावर, यावर ते अवलंबून आहे. आपल्या स्वतःच्या दंडाचा स्नायूदेखील कोपरापासून अवघ्या चार-पाच सेंटिमीटरवर हाडाला जोडलेला असतो, म्हणून तळहातावर एक किलोचा डबा धरला की त्या स्नायूला सात-आठ किलोंचा ताण सोसावा लागतो. त्या बदल्यात स्नायू जरासा आखडला तरी हात लांबवर झेपावतो.

एक सोपा फायदा राहून जाऊ नये. पंजा मिटवणारी सिरिंज आपण अगदी टोकाशी लावली आहे. पाण्यासकट ती १५ ग्रॅमची असेल आणि २० सेंटिमीटरवर असेल, तर कोपराच्या दट्ट्यावर तिच्या एकटीमुळे १०० ग्रॅमची भर पडते. ती काढून कोपराजवळ बसवावी आणि पंजापर्यंत दोरी न्यावी. त्यानंतरही हात खाली ओढला जात असेल, तर दांड्यापासून मागच्या खांबापर्यंत एक रबरबँड ताणून लावावा. मागे नट-बोल्टांचे वजन टांगण्याचा मार्गही आहे, पण ते वजन खांद्याच्या सांध्याला वाहावे लागते, म्हणून मी रबर पसंत करतो.

प्रश्न : मी यंत्रमाग कारखान्यातून निवृत्त झालो आहे. नातवाने जाड कागदाची बोटे करून त्यांतून दोरा ओवला आहे. दोरा ओढला की बोट मिटते, पण सोडल्यावर उघडत नाही. तो दोऱ्याला दोष देतो आहे. मला मात्र गोष्ट वेगळी वाटते. — एक आजोबा, अशोक चौक

उत्तर : आपल्याला वाटते तेच बरोबर आहे आणि त्याचे उत्तर आपण अनेक वर्षे डोळ्यांसमोर पाहिले आहे. मागावर बसवलेल्या जॅकार्ड यंत्रावर चादरीची नक्षी विणताना आकड्यांना बांधलेल्या दोऱ्या ठरलेले उभे धागे वर उचलतात. पण दोरी कोणालाही खाली ढकलू शकत नाही, म्हणून प्रत्येक दोरीच्या खालच्या टोकाला वजन किंवा स्प्रिंग असते आणि तीच धागा परत जागेवर आणते. १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये जोसेफ मारी जाकार यांनी हे यंत्र सिद्ध केले, तेव्हापासून ही व्यवस्था बदललेली नाही. नातवाच्या बोटालाही कोणीतरी परत आणणारे हवे. बोटाच्या पाठीवरून, नखापासून मनगटापर्यंत, एक बारीक रबरबँड किंचित ताण देऊन चिकटवला की काम होईल. पाठीवरून दुसरा दोरा नेला तर बोट उघडण्याची गतीही नातवाच्या ताब्यात येईल. मात्र दर बोटाला दोन दोरे सांभाळताना लहान मुले लवकर कंटाळतात.

शरीराने दुसरा मार्ग स्वीकारला आहे. स्नायू फक्त आखडून ओढू शकतो, ढकलू शकत नाही. म्हणून बोटे मिटवणारे आणि उघडणारे स्नायू वेगवेगळे असतात आणि त्यांतले मोठे स्नायू बोटांत नसून मनगट ते कोपर या भागात असतात. नातवाला डाव्या हाताने उजव्या हाताचा हा भाग हलकेच धरायला सांगावे आणि उजव्या हाताची बोटे एकेक करून हलवायला लावावीत. कातडीखाली काय सरकते ते त्याला लगेच जाणवेल.

बोटाच्या बांधणीत आणखी एक बाब पाहावी. दोरा रिफिलच्या छोट्या तुकड्यांतून ओवलेला असतो. हे तुकडे कागदाला जितके चिकटून असतील तितका दोरा घडीच्या जवळून जातो आणि तितका जास्त जोर लावून ओढावा लागतो. पुठ्ठ्याचा एक जास्तीचा पदर देऊन तुकडे जरा उंच बसवले, की बोट सहज मिटते. तीन सांध्यांपैकी टोकाचा सांधा आधी वळून बोट आकड्यासारखे होत असेल, तर बुडाच्या घडीवर रिकाम्या पेनाचे टोक पुन्हा दाबून ओढावे. घडी जितकी खोल तितका तो सांधा आधी वळतो. दोरा सुती किंवा साधा नायलॉनचा वापरावा. पतंगाचा मांजा मुळीच वापरू नये, तो बोटही कापतो आणि कागदही.

प्रश्न : वर्गातल्या मुलांसाठी सिरिंजचे हात करून घेणार आहे. कोणत्या मापाच्या सिरिंज घ्याव्यात, पाणी भरताना हवेचे बुडबुडे कसे टाळावेत आणि पाण्याऐवजी तेल चालेल का? — एक शिक्षिका, होटगी रस्ता परिसर

उत्तर : सिरिंज नव्या आणि सीलबंद घ्याव्यात आणि सुया औषधाच्या दुकानातच परत कराव्यात, वर्गात एकही सुई जाऊ नये. वापरलेल्या सिरिंज, मग त्या कितीही धुतलेल्या असोत, कोणाकडूनही घेऊ नयेत. मत्स्यालयात हवा सोडण्यासाठी वापरतात ती पारदर्शक नळी सिरिंजच्या तोंडावर घट्ट बसते. ती मीटरभरापेक्षा लांब ठेवू नये आणि दोन्ही टोकांना दोऱ्याचे चार वेढे घट्ट आवळावेत.

मापाचे उत्तर मुलांनाच काढू द्यावे. ५ मिलिलिटरच्या सिरिंजवर शून्यापासून ५ पर्यंतच्या खुणांचे अंतर मोजले तर ते साधारण ४.४ सेंटिमीटर भरते. २० मिलिलिटरच्या सिरिंजवर तेवढ्याच ५ मिलिलिटरचे अंतर साधारण १.६ सेंटिमीटर असते. कंपनीगणिक यात थोडा फरक पडतो, म्हणून प्रत्यक्ष मोजावे. एकच पाणी लहान सिरिंजमधून निघून मोठीत गेले, की लहान दट्ट्या ४.४ सेंटिमीटर सरकतो तेव्हा मोठा १.६ सेंटिमीटरच सरकतो. अंतर पावणेतीनपट घटले तसा जोर तितकाच वाढतो, घर्षणात जाईल तेवढा वजा करून. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा ब्लेझ पास्कल यांचा नियम. त्यांचा द्रवांच्या समतोलावरील ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १६६३ मध्ये प्रसिद्ध झाला. वजन उचलायचे असेल तर मोठी सिरिंज यंत्राच्या हातात आणि लहान सिरिंज मुलाच्या हातात द्यावी. पंजा झटकन मिटवायचा असेल तर उलट करावे.

बुडबुड्यांबाबत क्रम महत्त्वाचा आहे. एक सिरिंज पाण्याने भरून तोंड वर धरावे, टिचकी मारून बुडबुडे वर आणावेत आणि हळूच दाबून ते बाहेर काढावेत. मग नळी जोडून तिच्या दुसऱ्या टोकातून पाण्याचा थेंब बाहेर येईपर्यंत दट्ट्या दाबावा आणि तेव्हाच दुसरी सिरिंज, दट्ट्या पूर्ण आत ढकललेल्या अवस्थेत, बसवावी. हवा दाबली जाते, पाणी जवळजवळ दाबले जात नाही. त्यामुळे नळीत हवा राहिली तर मुलाने दट्ट्या जितका सरकवला त्यातला काही भाग हवा आवळण्यातच जातो आणि हात उशिराने, हिसका देऊन हलतो. पाण्यात खाण्याच्या रंगाचा थेंब टाकला तर बुडबुडा लांबूनही दिसतो, आणि कोपराला लाल, पंज्याला निळा असे वेगळे रंग दिले तर कोणती नळी कशाची हा गोंधळही होत नाही.

तेल वापरू नये. दट्ट्याच्या टोकाचे रबर तेलाने फुगते आणि काही दिवसांत सिरिंज जाम होते. उद्योगातल्या यंत्रांत तेल चालते, कारण त्यांची सीले तेलाला टिकणारी असतात. १९६१ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी येथे जनरल मोटर्सच्या कारखान्यात बसवलेला युनिमेट हा पहिला औद्योगिक रोबो, जो साच्यातून निघालेले तापलेले ओतीव भाग उचलत असे, तोही तेलाच्या दाबावरच चालत होता. सिरिंज घट्ट वाटत असेल, तर रबराला ग्लिसरीनचा एक थेंब लावावा.

एक सूचना जी कृतींच्या पुस्तिकांत सहसा आढळत नाही : भार नेहमी ढकलून उचलावा, ओढून नव्हे. दट्ट्या दाबताना मुलाच्या अंगात जितका जोर आहे तितका पाण्याला देता येतो. परंतु दट्ट्या मागे ओढला, तर पलीकडचा दट्ट्या पाण्याने खेचला जात नाही. त्याला बाहेरची हवा आत लोटत असते आणि हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोच असतो. ५ मिलिलिटरच्या सिरिंजच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ सव्वा चौरस सेंटिमीटरही नसते, त्यामुळे ओढून मिळणारा जोर किलो-सव्वा किलोच्या पुढे जाऊच शकत नाही, आणि त्याआधीच रबराच्या कडेने हवा आत शिरून बुडबुडे दिसू लागतात. जेसीबीच्या सिलिंडरला दोन नळ्या असतात त्या याचसाठी : जाताना एका बाजूने आणि येताना दुसऱ्या बाजूने तेल ढकलतच असते.

प्रश्न : किती वयाच्या मुलाला काय करू द्यावे? — एक वाचक, विजापूर वेस

उत्तर : सहा-सात वर्षांचे मूल दोऱ्याची बोटे स्वतः करू शकते. सिरिंजचा हात दहाव्या-अकराव्या वर्षापासून जमतो. कटर आणि गरम गोंदाची बंदूक मोठ्यांच्याच हाती असावी. वितळलेला गोंद कातडीला चिकटून राहतो, त्यामुळे त्याचा चटका खोल जातो.

प्रश्न : मी नववीत आहे. माझ्या सिरिंजच्या हाताला आता सर्वो मोटार (सांगितलेल्या कोनापर्यंत फिरून थांबणारी) लावायची आहे. नऊ ग्रॅमची निळी मोटार घेतली, पण ती नुसती घूं-घूं करते आणि हात उचलत नाही. मोटार खराब आहे का? — एक विद्यार्थी, विजापूर रस्ता

उत्तर : मोटार बहुधा चांगली आहे, तिला झेपणार नाही एवढे काम तू दिले आहेस. तिच्या माहितीपत्रकात सुमारे १.८ किलोग्रॅम-सेंटिमीटर असा आकडा असतो. त्याचा अर्थ असा की, आसापासून १ सेंटिमीटरवर ती जास्तीत जास्त १.८ किलो तोलू शकते, १० सेंटिमीटरवर १८० ग्रॅम आणि २४ सेंटिमीटरवर फक्त ७५ ग्रॅम. आणि तेही जागच्या जागी अडून राहिलेली असताना. हलवत नेण्यासाठी याच्या निम्माच आकडा हिशेबात धरावा. आता पहिल्या उत्तरातला हात घे : १०० ग्रॅमची पुडी गुणिले २४, अधिक १५० ग्रॅमचा दांडा गुणिले १४, मिळून ४.५ किलोग्रॅम-सेंटिमीटर होतात. एवढ्यासाठी सुमारे १० किलोग्रॅम-सेंटिमीटरची, धातूच्या दातेरी चाकांची सर्वो लागेल. किंवा पैसे न खर्चता दांडा १२ सेंटिमीटरचा कर : दांड्याची लांबी आणि वजन दोन्ही निम्मे झाले, की त्याचा स्वतःचा वाटा चौथाईवर येतो आणि पुडीचा निम्म्यावर. एकूण बेरीज तू स्वतः करून पाहा. निळी मोटार तरीही का पुरणार नाही आणि रबरबँडने तिला किती मदत करावी लागेल, ते त्यातून निघेल.

ती निळी मोटार टाकून देऊ नकोस, पंजा मिटवायला ती पुरेशी आहे. दांडा हाताने जबरदस्तीने फिरवू नकोस, आतल्या प्लॅस्टिकच्या चाकांचे दात तुटतात. मोटारीला वीज आर्डुइनो बोर्डावरून (तिला आज्ञा देणाऱ्या छोट्या संगणक-पट्टीवरून) न देता रिचार्ज होणाऱ्या चार पेन्सिल सेलच्या पेटीतून दे, म्हणजे ४.८ व्होल्ट मिळतील, आणि पेटीची ऋण तार बोर्डाच्या ग्राउंडला जोडायला विसरू नकोस. ती जोडली नाही तर मोटार मनाला येईल तशी थरथरत राहते. आणि तुझ्या खोलीवर पत्रा असेल, तर एप्रिल-मे महिन्यांत गरम गोंदाने जोडलेल्या सांध्यांवर भरवसा ठेवू नकोस. आपल्याकडे पारा ४२ अंशांवर गेला की पत्र्याखाली ठेवलेला गोंद मऊ पडून मोटार बैठकीतून सरकते. तिच्या कानांतल्या भोकांतून दोन स्क्रू लावून ती लाकडी पट्टीवर आवळ.